थेट आलेली पाहुणी

कंप्युटरने मला एकदा राहायला बोलावलं आणि मी ते खरं मानलं. नातवंडं अजून खिदळतात. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची होते, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती.

सगळा दोष शेजारच्या सुर्वेभाऊंचा. भाऊ बोटीवर वायरलेस ऑफिसर होते. कोण कुठून बोलतंय ते कळल्याखेरीज पुढे बोलायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. अंगणात पाऊल पडलं की, "कुठनं आलात?" मासळी बाजारातून आलेल्याला चहा आणि सुरमईची चौकशी. दवाखान्यातून आलेल्याला पेज. मी एकदा "घरातून" म्हटलं, तर म्हणाले, "मग भांडण झालं असणार. बसा." झालंच होतं!

दोन हजार एक साली त्यांनी आपल्या पावस गावातल्या आंब्याच्या बागेची वेबसाइट स्वतः बनवली. तिथेही तेच. "ही जावास्क्रिप्ट," नव्या सुनेची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "हिला ओटीवर बसवलेय. पाहुणा कुठल्या पानावरून आला ते बघते, आणि तसं वाढते." आंबेवाल्यांच्या पानावरून क्लिक करून गेलं की हापूस दिसे, खलाशांच्या पानावरून गेलं की बोटीवरचे किस्से.

मी नाक्यावरच्या सायबर कॅफेत नुकती एका बोटाने टाइप करायला शिकले होते. आंबेवाल्यांकडून जाऊन हापूस पाहिला, वर दिसणारा पत्ता कागदावर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी शहाणपणा सुचला, तोच पत्ता थेट टाकला. हापूस गायब! पानावर दोनच ओळी:

"आलीस? तुझी खोली झाडून ठेवलेय.
राग सोड आता."

मी चक्क लाजले. मग लाजल्याचाच राग आला. पदर खोचून तडक भाऊंच्या अंगणात.

तिथे कुंपणाच्या दगडी गडग्यावर गादी उन्हात टाकलेली, आणि भाऊ "कुठनं आलात" विचारायचंही विसरलेले. "वहिनी, सुलू येऊन गेली! आत्ताच कंप्युटरवर नोंद बघितली. दुसऱ्या कुठल्या पानावरून नाय, थेट! थेट पत्ता मी तिलाच तेवढा पत्रातून कळवलेला."

सुलू त्यांची लेक. तिने मनाने लग्न केलं, भाऊ नको ते बोलले, आणि चार वर्षं ती फिरकली नव्हती.

मी खोचलेला पदर सोडला.

"भाऊ," मी म्हटलं, "ती मी होते."

काहीतरी करायचं म्हणून मी गादी उचलायला गेले, तेव्हा भाऊ म्हणाले,

"राहू दे उन्हात, वहिनी. लाइन चालू आहे, एवढं तरी कळलं."