ओढ्यापलीकडचा पुकारा

डोक्याला पटका, अंगात बंडी, अख्ख्या गावाला दिसेल असा ओढ्याच्या काठावर उभा राहून आमचा तात्या दर सोमवारी आपण घरी नसल्याचं मोठ्यांदा सांगत असे.

हा ओढा म्हणजे सरहद्द. अलीकडे इंग्रजांचा सातारा जिल्हा, पलीकडे संस्थान. पाणी वर्षातून चार दिवस, एरवी दोन राज्यांच्या मधे नुसती वाळू. मी रहिमतपूरचा, म्हसवडच्या पुढच्या माळावरच्या या शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो आणि पहिल्याच आठवड्यात हा तमाशा पाहिला. तात्या मूळचा पलीकडचा. घरपट्टी थकवून, घराला कुलूप घालून इकडे पळून आला, एवढंच मला गावाने सांगितलं. घराचा दोनदा लिलाव पुकारला, पण माळावरच्या त्या दोन खणांना गिऱ्हाईक मिळालं नाही.

संस्थानच्या शिपायाला इंग्रजी हद्दीत पाऊल टाकायची मुभा नव्हती. पण थकबाकीदाराच्या नावाने पुकारा केल्याशिवाय त्याचा भत्ताही निघत नसे. म्हणून म्हादू शिपाई पलीकडच्या काठावरून तीनदा ओरडायचा, "शिदू खरात हाजीर हाय का?"

तिसऱ्या हाकेला तात्या म्हणे, "न्हाई. भाईर गेलाय. आला की सांगतो."

दोघांत अंतर वीस पावलांचं. म्हादू हे उत्तर निमूटपणे वहीत उतरवून घेई. मग इकडून तंबाखूची पिशवी तिकडे फेकली जाई, तिकडून चुन्याची डबी इकडे येई, आणि दोन्ही राज्यांचा कारभार उरकला की जो तो आपल्या वाटेने जाई.

तात्या कायद्याला भलता पक्का. कुणी काही बोललं की "कायद्यानं बोला" हे ठरलेलं. संध्याकाळी सावल्या लांबल्या की तो ओढ्यापासून मागे सरे, कारण सावली संस्थानात पडली तर ती जप्त करतील. एकदा त्याची कोंबडी सरहद्द ओलांडून गेली आणि म्हादूने ती खरोखर जप्त केली. तिला चावडीत बांधलं, सरकारी खर्चाने दाणे सुरू झाले. तिथे ती अंडी घालायला लागली. अंडी जप्तीनंतरची आहेत, तेव्हा ती कुणाची, यावर दोघे महिनाभर ओढ्यावरून भांडत होते. तोवर अंड्यांची पिल्लं झाली आणि चावडीतल्या कारकुनाने वैतागून सगळं खटलं ओढ्यात सोडून दिलं.

मला हे बघवत नसे. मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस. एकदा तात्याला गाठून चांगला अर्धा तास कर आणि कर्तव्य यांवर ऐकवलं. त्याने सगळं मान डोलावून ऐकलं आणि म्हणाला, "बरूबर हाय, मास्तर. पर बाकी माजी न्हाई. कायद्यानं बोला." इतका निगरगट्ट माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याचं उदाहरण दिलं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. ओढा नुसता ओढा राहिला. शाळेत मी साखर वाटली, ती तात्याने घेतली नाही. जेवणखाण सोडल्यासारखा काठावर बसून राही. आता म्हादू वाळू तुडवत येणार आणि याला धरणार, हे उघड होतं. खरं सांगतो, मला थोडा आनंदच झाला होता.

सोमवारी म्हादू आला. ओढ्याच्या मध्यावर पायातल्या वहाणा काढून, अनवाणी अलीकडे आला. तात्याच्या ओसरीवर बसून तांब्याभर पाणी प्याला. जुनी वही मामलेदार कचेरीत द्यायची आहे, म्हणाला. प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहायला हवं. पुरता भरणा झाला तर खातं बंद, काहीच भरलं नाही तर चौकशी करून नावच कमी.

तात्या आत गेला आणि फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आला. पै न् पै होती. माझा तोल गेला. पैसे होते तर इतकी वर्षं हे सोंग कशासाठी, असं मी चारचौघांत विचारलं.

म्हादू हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, शिदू म्हंजी ह्येंचा ल्योक. घर त्येच्या नावावर हाय. बर्माच्या लढाईत गेला त्यो."

तात्या वहीकडे बघत होता. "पलटणीनं त्येचं नाव काडलं. भावकीनं दिवस घातलं. तुमचं येवडं एक हापीस त्येला अजून बोलवत हुतं."

मला माझीच लाज वाटली. पोरगा गेल्याचा पलटणीचा कागद आला त्याच आठवड्यात हा माणूस ते घर सोडून आला होता आणि मी त्याला कर्तव्य शिकवलं होतं.

म्हादूने पैसे मोजले. पुन्हा मोजले. मग त्यातला एक आणा उचलून तात्याच्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली. मी मास्तर. सवयीने म्हणालो की अशाने खातं बंद होणार नाही.

"न्हाई हुणार," म्हादू म्हणाला. "येक आणा थकला. आता नव्या हापिसाला पुकारा करावा लागंल."

त्याने वही माझ्यापुढे सरकवली. नाव, शिदू खरात. बाकी, एक आणा. खाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.