गिऱ्हाइकाला भाकरी मिळणार नाही

सन १९९८ च्या मार्चमध्ये एका दुपारी जालन्यात पुढील प्रसंग रीतसर घडला. भोकरदनच्या एका कचेरीतले कारकून रामराव आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, बेबीनंदाला, डॉक्टरांना दाखवून एका हॉटेलात शिरले. गव्हामुळे मुलीचे आतडे बिघडते, सबब पोळी, रवा, मैदा आयुष्यभर बंद, असे डॉक्टरांनी बजावले होते. घरी अडचण नव्हती, घरी ज्वारीच होती. आज मात्र शिदोरी दवाखान्याच्या रांगेतच संपली होती आणि दुपारची गोळी उपाशीपोटी चालणार नव्हती.

"जवारीची भाकर मिळंल का?" रामरावांनी विचारले.

मालक राधाकिसन यांचा चेहरा पडला. "साहेब, गिऱ्हाइकाला भाकर? हॉटेलची काही इज्जत हाये. पोळी घ्या, बिलकुल मऊ."

"हिला गहू चालत न्हाई. भात द्या मंग."

"भात संपला. पुरी देऊ?"

"पुरी गव्हाचीच असती, काका," बेबीनंदा म्हणाली.

"मंग शिरा घे. त्यात पोळी न्हाई, पुरी बी न्हाई."

इतक्यात मागच्या अंगणातून भाकरी थापल्याचा आवाज आला. रामरावांनी तिकडे बोट दाखवले.

"ती कामगारांची," राधाकिसन म्हणाले. "नियम हाये. गिऱ्हाइकाला भाकर दिली तर उद्या कामगार सोताला गिऱ्हाईक समजतील."

नियम म्हटल्यावर रामराव नरमले. कचेरीत ते स्वतः आल्यागेल्याला नियमच वाढत असत. त्यांनी नियमात बसणारा मार्ग काढला. "मंग मला कामगार करा."

मालकांनी विचार केला. "कपबश्या धुता येतात?"

"शिकून घेतो."

नेमणूक तात्काळ अमलात आली. रामराव बाह्या सारून मोरीवर बसले. बेबीनंदा कामगाराची मुलगी या नात्याने भाकरीस पात्र ठरली. भाकरी थापणाऱ्या गोजरबाईंनी तिला चुलीपाशी पोते अंथरून दिले. "निव्वळ जवारी हाये, माय. बिनघोर खाय." पोर आनंदाने जेवू लागली.

अर्धी भाकरी झाली असेल, तोच धर्मराज नावाचे एक सज्जन हात धुवायला अंगणात आले. बाप मोरीवर, लेक पोत्यावर, ताटात कोरडी भाकरी. त्यांना भडभडून आले. ते आत जाऊन आपल्या ताटातली पोळी घेऊन आले.

"घे बाळ. रोज भाकर खाऊन कटाळली असशील."

"नको काका. डॉक्टरांनी गहू बंद केलाय."

"गरिबाला डॉक्टर दुसरं काय सांगणार?"

"खरंच पोटात लई दुखतं."

"सवय न्हाई म्हणून दुखतं. एका घासानं काय होतं?"

रामरावांनी हात पाण्याबाहेर काढले. "साहेब, नका देऊ तिला."

राधाकिसन धावत आले. "रामराव, गिऱ्हाइकाला उलटून बोलायचं न्हाई. हा बी नियमच हाये."

रामरावांचे हात पुन्हा पाण्यात गेले. एव्हाना बरीच मंडळी ताटावरून उठून दाराशी जमली होती. सर्वांच्या नजरेत माया होती. धर्मराजांनी घास पोरीच्या तोंडापाशी धरला आणि तो तसाच धरून ठेवला. बेबीनंदाने बापाकडे पाहिले. बाप बशी विसळत होता. अन्नाला नाही म्हणू नये, मोठ्यांचे मन मोडू नये, हे तिला आपण सगळ्यांनी मिळून शिकवले होते, आणि ती वर्गात हुशार होती. तिने घास गिळला.

"शाब्बास," मंडळी म्हणाली.

परतीच्या एसटीत, भोकरदन यायच्या आधीच, बेबीनंदा पोट धरून सीटवर आडवी झाली. हॉटेलात हे कोणालाच कळले नाही. धर्मराजांनी रात्री घरी हा प्रसंग सांगितला, तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले.

आता तुम्ही धर्मराजांना नावे ठेवत असाल. खुशाल ठेवा. पण त्या दाराशी जमलेल्या मंडळीत तुम्ही असता, तर त्या घासाला वरून तूप लावायला आतून वाटी कोणी आणली असती, हे तुमच्या घरी जेवून गेलेल्या कोणालाही विचारावे.