फोटोची मागची बाजू

"आजी, शाळेच्या फोटोत तू अनोळखी आहेस," दप्तर सोफ्यावर फेकत नातीने जाहीर केलं.

"म्हणजे काय?"

"सगळ्यांच्या खाली नावं आहेत. तुझ्या खाली 'अनोळखी' लिहिलंय. मी आमच्या टीचरना म्हटलं, अहो ही माझी आजी. तर त्या म्हणाल्या, छापून झालंय आता."

छापून झालंय! भूगोलबाईंनी विणकाम बाजूला टाकलं. त्यांनी त्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षक पाच आणि खुर्च्या चार होत्या, आणि पहिलं वर्षभर उभ्या राहिल्या त्या भूगोलबाई. खासगी शाळांना इतिहासाचा उमाळा पन्नास वर्षांतून एकदा येतो आणि तो चकचकीत कागदावरच येतो. तसा तो आला होता. उद्या सकाळी 'आपला इतिहास' नावाच्या भिंतीवरचा पडदा सरकणार होता, आणि त्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या फोटोत बाई कुणीच नव्हत्या.

"आई, उद्या फोन करून सांगू त्यांना," सून म्हणाली.

"उद्या? चारशे माणसांनी वाचल्यावर?" बाई चपला शोधत होत्या. "माझा चष्मा दे. तो नको, भांडायचा दे."

फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने ओळखपत्र मागितलं. ते नाही म्हटल्यावर बिचाऱ्याने नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, "आजी, इथे कुणी ओळखतं का तुम्हाला?"

यानंतर बाई त्याला जे बोलल्या ते ऐकून त्याने संध्याकाळपर्यंत फाटक उघडंच ठेवलं.

भिंतीसमोर ग्रंथपाल मुलगी पडद्याची दोरी बांधत होती. ती गेल्याच वर्षी लागली होती आणि इतिहासाचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, कारण बाकी कुणी ते घेतलं नव्हतं. बाईंनी पडदा ओढून बाजूला केला. फोटोत आठ माणसं एका ओळीत उभी होती. उजवीकडून दुसऱ्या बाई, आणि खाली ठसठशीत 'अनोळखी'. डावीकडून दुसरे कवायतसर, झुपकेदार मिशांसकट. त्यांच्या खाली बाईंचं नाव होतं.

"माझं नाव... याला?" बाईंचा आवाज चिरकला. "या माणसाला?"

तेवढ्यात मुख्याध्यापिका धावत आल्या. त्या बाईंच्याच विद्यार्थिनी. हा फोटो त्यांनी मंजूर केला होता, पण मोबाइलवर, आणि तिथे माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"बाई, तुम्ही आधी बसा ना."

"बसायला खुर्ची आहे का? पहिल्या वर्षीही नव्हती! आणि हे बघ, अध्यक्षांच्या खाली 'शिपाई'. शिपाईमामांच्या खाली 'संस्थापक अध्यक्ष'. डोळे फुटले होते का सगळ्यांचे?"

मुख्याध्यापिका मटकन खाली बसल्या. संस्थापकांचा नातू, म्हणजे आताचे अध्यक्ष, सकाळीच येऊन शिपाईमामांच्या फोटोपुढे हात जोडून गेले होते. आजोबांची साधी राहणी पाहून त्यांना भरून आलं होतं. त्यावर ते उद्या वीस मिनिटं बोलणार होते.

"मॅडम, मी मनाने काहीच लिहिलेलं नाही," ग्रंथपाल रडवेली झाली. "मूळ फोटोच्या मागे नावं होती. तशीच उतरवली."

"मग ज्याने ती मागे लिहिली तो गाढव!" बाई कडाडल्या. "बेजबाबदार! द्वेषी! त्याचं नाव शोध आणि माझी तक्रार लिहून घे. असल्या माणसाला शाळेच्या पायरीवर उभं करायला नको होतं."

ग्रंथपालने पाकिटातून फोटो काढला. मुख्याध्यापिकांनी तो उलटा केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे अक्षर मी ओळखते. माझ्या सहावीच्या वहीत याच अक्षरात लिहिलंय, 'नदी डोंगर चढत नाही, मूर्खा.'"

बाईंनी फोटो हिसकावून घेतला. मग त्यांना आठवलं. हेडमास्तरांनी नावं लिहायला सांगितली होती. बाईंनी फोटो खिडकीच्या काचेला टेकवला आणि उजेडात दिसेल त्या माणसाच्या बरोबर पाठीमागे त्याचं नाव लिहिलं. काम चोख होतं. ग्रंथपालने ती नावं मागच्या बाजूने डावीकडून वाचली, आणि तशीच पुढच्या बाजूला डावीकडून लावली. सगळी ओळ उलटी झाली.

"पण मग 'अनोळखी' कोण?" ग्रंथपालने विचारलं.

फोटो काढला त्या आठवड्यात, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, बाईंनी मुलांना घेऊन पटांगणावर चुन्याने जगाचा नकाशा काढला होता. तीन दिवस खपून. चौथ्या दिवशी कवायतसरांनी त्यावर दोनशे मुलांची कवायत घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षं दोघं एकाच टेबलावर बसून शिपाईमामांमार्फत बोलत. आणि फोटोमागे सरांच्या जागी बाईंनी लिहिलं होतं, 'अनोळखी'.

"ते मी," दारातून आवाज आला. कवायतसर उभे होते. मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ. "माझ्या मुलाने सकाळी इथे फोटो पाहिला. म्हणाला, बाबा, तुम्ही भूगोलाच्या शिक्षिका कधी होतात? म्हणून आलो."

"त्यांना सांग," बाई ग्रंथपालला म्हणाल्या, "की चूक दुरुस्त होतेय."

"बाईंना सांगा, माझ्या खाली अनोळखीच राहू दे. पंचवीस वर्षं तसाच होतो. सवय आहे."

ग्रंथपालने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मग ती मुकाट्याने कोऱ्या पट्ट्या घेऊन आली. मुख्याध्यापिकांनी एकेक नाव सांगितलं, तिने लिहून चिकटवलं. शेवटची पट्टी उरली.

"सर, तुमचं पूर्ण नाव काय?"

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि पेन ओढून घेतलं. त्यांनी सरांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं न विचारता लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, पट्टी स्वतः चिकटवली आणि पर्स उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. अध्यक्षांनी आजोबांच्या साध्या राहणीवर केलेली तयारी वाया गेली, कारण खऱ्या आजोबांच्या अंगावर सूट होता. लोक फोटोकडे वळले. उजवीकडून दुसऱ्या जागी बाईंचं नाव होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. डावीकडून दुसऱ्या पट्टीपाशी मात्र गर्दी हसत होती. सरांच्या नावाखाली रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'कवायत शिक्षक. यांनी आफ्रिका पुसली.'

सर जवळ गेले. त्यांनी सावकाश वाचलं.

"बाई," ते वळून म्हणाले, "ऑस्ट्रेलियासुद्धा."

"ऑस्ट्रेलिया?" बाईंच्या कपाळावरची शीर फुगली. "ऑस्ट्रेलिया तुम्ही पुसलात? मी चव्वेचाळीस वर्षं पाचवी 'ब'वर आळ घेत होते! लाज नाही वाटली तुम्हाला? इकडे या. इकडे या आधी!"

सर गेले. बाई अर्धा तास त्यांना बोलत होत्या, मध्ये कुणालाही न घालता.