बटण बंद केलंत का?

"माझा सर्व्हर चालू दिसला की समजायचं, बाप ठणठणीत आहे!" मिशीला पीळ देत घड्याळजींनी मुलीला फोनवर बजावलं.

मुलगी परगावी. आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद, "बाबा, घर बंद करा आणि इकडे या." पण खिडकीत बायकोची झाडं होती. त्यांना टाकून कसं जायचं? म्हणून घड्याळजींनी हा घाट घातला. साबणाच्या डबीएवढा संगणक, त्यावर अगदी हलका प्रोग्राम, की झालं घरचं सोशल नेटवर्क! सभासद एकच, स्वतः घड्याळजी. पण घरबसल्या दुसऱ्या कुणाच्याही सर्व्हरवरच्या माणसांशी गप्पा! मुलगी तिच्या सर्व्हरवर, मेहुणी तिच्या. रोज झाडांचे फोटो टाकायचे ठरले.

"महिनाभर चालवून दाखवा, मग राहा तिथेच," मुलगी म्हणाली.

या खटपटीत घड्याळजी आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते. शेवटी पहिला फोटो गेला, मेहुणीचं "वा, भावोजी!" आलं आणि गड जिंकल्याच्या थाटात ते न्हाव्याकडे निघाले. दाराशी हात आपोआप मेन स्विचकडे गेला. लग्न झाल्यापासून बायको जिन्यातून ओरडायची, "अहो, बटण बंद केलंत का?" आता ओरडणारं कुणी नव्हतं, पण हात विसरला नव्हता. खट्!

तिकडे मुलीच्या पडद्यावरून बाप गायब! फोन घरातच राहिलेला, नुसता वाजतोय. तिने मावशीला आणि शेजारच्या शिंप्याला कळवलं. शिंप्याने दार बडवलं, वरच्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. लॅचचं दार, माणूस आत की बाहेर, कळणार कसं? कुलूपवाला आला.

घड्याळजी परतले तर जिन्यात ही गर्दी! न्हाव्याने दाढीच्या भरात मिशीही उडवली होती, त्यामुळे त्यांना कुणी ओळखेना.

"काय झालं हो?"

कुलूपवाल्याने वर न बघता पिशवी त्यांच्या हातात दिली. "धरा जरा. आतले आजोबा गेले."

"अहो, पण आत तर मीच राहतो!"

काकू किंचाळल्या. शिंपी भिंतीला चिकटला. "घड्याळजी? तुम्ही जिवंत?"

"मिशी सोडून सगळा!"

तेवढ्यात लॅच तुटलं. शिंप्याने अंधारात चाचपडत मेन स्विच दाबला. डबीचा दिवा लुकलुकला आणि इतर सर्व्हरांनी राखून ठेवलेले निरोप फोनवर धबाधबा येऊन पडले. मेहुणी, "भावोजी, असे न सांगता गेलात?" तिची मैत्रीण, "माणूस सज्जन होता. झाडंही छान ठेवायचा."

घड्याळजींनी छाती फुगवली. "बघा, एकही निरोप हरवला नाही!"

फोन वाजला. मुलगी रडत होती, हसतही होती.

"अगं, रडतेस काय? एक बटण बंद केलं तर अख्खी इमारत दार फोडून आत आली! आता सांग, मी एकटा आहे का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "राहा बाबा, तिथेच राहा."

जिंकलो! काकूंना दाराशी राखणीला बसवून घड्याळजी शीळ घालत नवं लॅच आणायला निघाले. जिन्याच्या वळणावर पोचतात तोच खिशात फोन.

"बाबा! पुन्हा बटण बंद केलंत ना?"

सूर थेट आईचा. घड्याळजी निमूट माघारी वळले.