घरासमोरचा हॉर्न

प्रल्हाद इंगळे रोज सकाळी सव्वानऊला घरातून निघतात आणि पावणेदहाला स्वतःच्याच घरासमोर येऊन हॉर्न वाजवतात. दोनदा, आखूड. मग ऑटोचं इंजिन चालू ठेवून समोर बघत बसतात. दोन मिनिटांनी घरातून तेरा वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन येते, मागच्या सीटवर बसते आणि म्हणते, "चला काका."

ही त्यांची मुलगी समीक्षा.

मी समोरच्या घरात राहतो, त्यामुळे हा प्रकार रोज दिसतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाप-लेकीचं भांडण झालं असेल. तसं काही नव्हतं. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून एका ताटलीतल्या शेंगा खात होते.

प्रल्हादभाऊ अकरा वर्षांपासून वडनेरची मुलं नांदुऱ्याच्या शाळेत पोचवतात. मूल वाढतं कसं, यावर त्यांचे ठाम सिद्धांत आहेत. ते कुठे वाचलेले नाहीत. मुलं मागे बसतात, हे पुढे बसून ऐकतात. "तिसरीतलं पोट्टं सगळं सांगते," ते म्हणतात. "घरी कोन कोनाले काय बोललं, आजीनं कोनता डबा लपवला, सगळं. पाचवीतलं अर्धं सांगते. सातवीत गेलं का तोंडाले कुलूप." आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "वयच हाये तसं."

हे वाक्य ते माणसांपुरतं ठेवत नाहीत. ऑटो चढावर अडला की "वयच हाये तसं." शेजारच्या बकरीने वाळत घातलेला टॉवेल खाल्ला तेव्हाही तेच. बकरी दीड वर्षाची होती.

तिसरी-चौथीच्या मुलांना कायदा फार प्रिय असतो, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. ऑटोतली कडेची जागा कुणी कधी घ्यायची, यावरून एकदा चौथीतल्या दोन मुलांनी नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकापर्यंत वाद घातला. एकाचं म्हणणं होतं की त्याला तीनदाच जागा मिळाली आणि दुसऱ्याला चारदा. प्रल्हादभाऊंनी फाटक बंद असताना ऑटोच्या आतल्या पत्र्यावर खडूने वारांचा तक्ता काढून दिला. तो तक्ता मुलांनी इतका कडक पाळला की एक मुलगा तापाने घरी असताना त्याच्या वाराला ती जागा रिकामी राहिली आणि बाकीचे दाटीवाटीने बसले.

मोठ्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. ड्रायव्हरसमोरचा मागचं दाखवणारा आरसा त्यांनी छताकडे वळवून ठेवलाय. "आठवीतल्या पोरीले कोनी पाह्यलं तरी राग येते, नाई पाह्यलं तरी राग येते," ते म्हणाले. "मंग आपन छत पाहावं." मागची वाहनं ते बाजूच्या आरशात बघतात. सीटखालच्या डब्यात पाना-पक्कड आणि जुन्या प्लगशेजारी कागदात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅडचं पाकीट असतं. ते त्यांची बायको मंदावहिनी भरून ठेवतात. या डब्याला कुलूप नाही. सातवीच्या पुढच्या सगळ्या मुलींना तो माहीत आहे आणि आजवर त्यावर ऑटोत कुणी एक शब्द बोललेलं नाही.

समीक्षा तिसरीत असताना पुढे, बापाला चिकटून बसायची. "हा माह्या बाबाचा ऑटो आहे," असं रोज एकदा तरी सांगायची आणि कुणी कुठे बसायचं ते ठरवायची. सातवीच्या सुरुवातीला तिने बापाला अटी घातल्या. ऑटोत नावाने हाक मारायची नाही. शाळेजवळ डब्याची आठवण करून द्यायची नाही. हसायचं नाही.

"हासायचं काऊन नाई?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"तुमी लय मोठ्यानं हासता."

"बरं. मंग तू मले काय म्हनशीन?"

"सगळे म्हणतात तेच. काका."

प्रल्हादभाऊंना अर्धवट काम जमत नाही. काका व्हायचं तर पूर्ण व्हायचं, म्हणून हॉर्न त्यांनी आपल्याकडून वाढवला. मंदावहिनींना हे अजून पटलेलं नाही. "आता त घरातून चहा पिऊन गेले," त्या दारातून ओरडतात, "आन् आता हॉर्न वाजवून राह्यले! लोक हासतात ना!" लोक हसत नाहीत. ऑटोतल्या नऊच्या नऊ मुलांना सगळं माहीत आहे आणि नऊही जण गप्प राहतात. कडेच्या जागेसारखाच हाही त्यांनी कायदा मानलाय.

एकदा समीक्षाला यायला सहा मिनिटं लागली. तिची केसांची क्लिप सापडत नव्हती. क्लिप फ्रिजवर होती आणि प्रल्हादभाऊंनी ती निघताना पाहिली होती. पण बाहेर ऑटोत बसलेल्या काकाला फ्रिजवरचं कसं माहीत असणार? ते हँडल धरून बसून राहिले. ती आल्यावर इतकंच म्हणाले, "बाकीच्यांले उशीर होते, ताई."

त्याच संध्याकाळी ओट्यावर समीक्षा मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, आज ते ऑटोवाले काका लय जोरात चालवत होते. खड्ड्यात माहा डबा सांडला."

प्रल्हादभाऊंनी शेंग सोलली. "सांगतो त्याले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑटो हळू गेला.

वाईट वाटतं का, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील शाळेत शिपाई होते, घंटा वाजवायचे. आठवीत असताना प्रल्हादभाऊंनी त्यांना सांगितलं होतं की शाळेत माझ्याशी बोलू नका. "बापानं ऐकलं. शाळेत बोलनं बंद केलं. पन त्याले वाटलं का पोराले आपला आवाजच नको. मंग घरीबी कमी झालं. मले पाह्यजे होतं ते नाई झालं, अन् सांगता नाई आलं." वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. "म्हनून मी हॉर्न वाजवतो. नाव नाई घेत. पन बोलावतो त रोज."

खरा पेच यंदा दिवाळीनंतर आला. शाळेत पालकसभा होती. दरवेळी मंदावहिनी जायच्या, पण त्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी संग्रामपूरला गेल्या होत्या. प्रल्हादभाऊ शाळेची सूचना घेऊन माझ्याकडे आले.

"हे तिनं टीव्हीवर ठेवलं. हातात नाई देल्लं. म्हंजे या, का येऊ नका?"

मी सूचना दोनदा वाचली. तीत वार, वेळ आणि वर्गखोली होती. पालकांपैकी एकाने यावं, असं लिहिलं होतं. प्रल्हादभाऊंना हवं होतं ते तीत नव्हतं.

"तिलाच विचारा."

"विचारलं त ती हो म्हनीन. तोंडावर विचारल्यावर नाई म्हनाची सोय राह्यते का तिले?"

ते कागदाची घडी घालून गेले. त्या आठवड्यात ते तीन वेळा माझ्याकडे आले आणि तिन्ही वेळा भलत्याच कशाबद्दल बोलून परत गेले.

शनिवारी मला नांदुऱ्यात काम होतं. त्यांच्याच ऑटोत जागा मिळाली. मुलांना ते सकाळीच शाळेत सोडून आले होते; आता मागे गावातले चार पालक होते, पालकसभेलाच निघालेले. प्रल्हादभाऊंनी नवा शर्ट घातला होता, घड्या न मोडलेला. शाळेसमोर सगळे उतरले. त्यातल्या एका बाईने विचारलं, "तुमी नाई येत का, प्रल्हादभाऊ? तुमची बी पोरगी हाये ना वर्गात."

"ऑटोपाशी कोनी पाह्यजे ना," ते म्हणाले.

ऑटोला तिथे काहीही होणार नव्हतं. मी कामाला जायचं सोडून त्यांच्याजवळ थांबलो. त्यांनी फडक्याने काच पुसली, मग मागची सीट पुसली, मग पुन्हा काच. वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूला, वीसेक पावलांवर होती. आतून नव्या वर्गशिक्षिकेचा आवाज येत होता. त्या एकेका मुलाचं नाव घेत होत्या आणि पालक उठून पुढे जात होते.

"समीक्षा इंगळे. तुझ्याकडून कोण आलंय?"

प्रल्हादभाऊंचा हात थांबला. आतून बाक सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि टायर तपासायला खाली वाकले.

"बाबा!"

त्यांनी टायर दाबून पाहिला.

"ओ बाबा!"

"कोनाची तरी पोरगी बापाले हाका मारून राह्यली," ते मला म्हणाले. "बहिरा हाये का बाप?"

मी वर पाहिलं. खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता. "प्रल्हादभाऊ," मी म्हणालो, "तुमचीच आहे."

त्यांनी मान वळवली. गजांमागे समीक्षा होती. तिच्या मागे अर्धा वर्ग माना उंचावून बघत होता.

"तुमालेच म्हणून राह्यली मी!" ती ओरडली. वर्गात हशा पिकला. तिने मागे वळून कुणाला तरी काहीतरी सुनावलं आणि हशा थांबला.

"आलो," प्रल्हादभाऊ म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो वीस पावलांवर पोचला नसावा. म्हणून ते पुन्हा म्हणाले, या वेळी आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं. "आलो बाई, आलो!"

ते निघाले. घाईत फडकं हातातच राहिलं होतं, ते त्यांनी मध्येच माझ्याकडे फेकलं. ते वर्गापाशी पोचले तेव्हा समीक्षा दारात येऊन उभी होती. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कॉलर दुमडली तुमची," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "नीट करा ना, बाबा."

त्यांनी कॉलर नीट केली. तिने पुन्हा एकदा पाहिलं, मान हलवली आणि मग दोघं आत गेले.