खैरनार सरांची तेलं

नोकरीच्या मुलाखतीत खैरनार सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "घरी तेल कोणतं?" नर्सिंगचे मार्क त्यांनी नंतर पाहिले, तेही मी कागद पुढे सरकवले म्हणून. मी "शेंगदाणा" म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सोयाबीन म्हटलं असतं तर मी आज लासलगावला शिवणाचे क्लास घेत असते, अशी माझी पक्की खात्री आहे.

सर नाशिकमधल्या आमच्या हॉस्पिटलात नवजात बाळांचे डॉक्टर. ज्या बाळांना दूध पचत नाही, त्यांना सलाइनसारखं शिरेतूनच पोषण द्यावं लागतं. त्यात तेलही असतं, दिसायला दुधासारखं पांढरं. एखादी आजी "डाक्टर, शिरंत दूध सोडलं का?" असं विचारायची, की सरांचा अर्धा तास गेलाच. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे ते तेल फक्त सोयाबीनचं यायचं. फार दिवस त्यावर राहिलेल्या बाळांचं यकृत बिघडतं, माशाचं तेल त्यांना जास्त मानवेल, असं सरांचं ठाम मत. गंमत म्हणजे माणूस कट्टर शाकाहारी. मी डब्यात सुकट आणली की हे खिडकी उघडून उभे राहायचे आणि तिथूनच मला माशाच्या तेलाचे गुण सांगायचे.

मग घोटीची एक मुलगी आली. आतड्याचा बराच भाग काढावा लागलेला. दोन महिने सोयाबीनवर काढून ती हळदीसारखी पिवळी झाली. सरांनी खटपट करून मुंबईहून माशाचं तेल मिळवलं. पण मुलीची आजी माळकरी.

"सर, पांढरंच तर दिसतं," मी म्हटलं. "सांगता कशाला?"

"तिच्या नातीच्या अंगात जाणार, तिला कळायला नको?" सर चिडले.

आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डाक्टर, माळ माझ्या गळ्यात हाय. तिच्या गळ्यात अजून काय नाय. सोडा तेल."

पिवळेपणा उतरायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत माझी सुकट सरांच्या नाकाला एकदाही जाणवली नाही. हळूहळू तोंडानं दूधही पचू लागलं.

मुलीला घरी सोडायच्या दिवशी सरांनी मला त्यांच्या खणातली वही आणायला सांगितली. आत दोन रकाने, सोयाबीन आणि मासा. प्रत्येक बाळाच्या तपासण्यांचे आकडे ओळीनं लिहिलेले. पण सोयाबीनच्या रकान्यात काही ओळींपुढे नावं होती. चिमणी, राजू, कस्तुरी. आमच्याकडे बाळांना नावं नसतात, सगळी आईच्या नावानं ओळखायची, 'बेबी ऑफ सुनीता'. मी सरांना विचारलं.

"ती बाळं बारशाआधीच गेली," सर वहीकडे बघत म्हणाले. "बिननावाची कशी जाऊ द्यायची? मग मीच ठेवली."

माशाच्या रकान्यात एकच ओळ होती, नावाची जागा कोरी. मी पेन पुढे केलं.

"नको," सर म्हणाले. "हिचं नाव हिची आजी ठेवील."