आजीच्या नाकाखालची पोपटी

आमच्या आजीचं नाक राहायला रोह्यात, पण त्याचा अंमल पार धरमतरच्या खाडीपर्यंत चालायचा. ओसरीवर वाल सोलता सोलता ती मधेच मान वर करायची आणि जाहीर करायची, "अष्टमीत कोनीतरी सुकट भाजतंय." अष्टमी म्हणजे कुंडलिका नदीपलीकडचं गाव. एकदा मी मुद्दाम पूल ओलांडून शहानिशा करून आलो. सुकट नव्हती, बोंबील होते. आजी म्हणाली, "वारा वाकडा व्हता."

या नाकापायी आजोबांची विडी सुटली. त्यांनी म्हणे एकदा नदीत गळ्यापर्यंत उभं राहून, वाऱ्याची दिशा बघून, एकच विडी ओढली. घरी आले तर ताटात भाकरीच्या जागी विड्यांचं बंडल वाढलेलं.

पेणला आजीच्या भाचीच्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि आजी मांडवात उठून उभी राहिली. बिरडं खाली लागतंय म्हणाली. भटजी थांबले, नवरदेवाने घाबरून हार पाठीमागे लपवला, आचारी धावला. बिरडं थोडक्यात वाचलं. "अक्षता काय, मागून पन पडतात," आजीने व्याह्यांना सुनावलं. "जळकं बिरडं जन्मभर लक्षात ऱ्हातं."

पण त्या नाकाचा खरा दरबार भरायचा थंडीत, पोपटीला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. शिजलं की नाही हे बघायला लोक तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. आजीसमोर कुणी तांब्याला नुसता हात लावला तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ती पाटावर बसायची, आणि तिने "उतरवा" म्हणेपर्यंत आख्खी आळी लाळ गिळत उभी असायची. आई तिच्या मागे बसलेली. दोघींचं कधी जमलं नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. आईच्या फोडणीला आजी दारातूनच शिंकायची.

मग एका पावसाळ्यात आजी तापाने फणफणली. उठली ती पुन्हा गर्जतच. पण एके सकाळी दूध करपल्याचा वास मला अंगणात आला, म्हणून आत धावलो, तर आजी गॅसकडे पाठ करून निवांत वाल निवडत बसलेली. आईने गॅस बंद केला, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि पातेलं मागच्या दाराने बाहेर नेलं.

आजीचं नाक गेलं होतं.

त्या थंडीत पोपटी लागली. आजी नेहमीच्या थाटात पाटावर. पेंढा ढणाढणा पेटला, विझत आला. सगळी आळी तिच्या तोंडाकडे बघतेय आणि मला थंडीत घाम फुटलेला. एक कच्ची शेंग निघाली की संपलं. पोरंसोरंही उद्यापासून तिच्यासमोर तांब्या घेऊन नाचणार. आजीने डोळे मिटले. मग मागे आई खोकली.

"उतरवा," आजी म्हणाली.

शेंगा लोण्यासारख्या शिजल्या होत्या. पहिलं अंडं दरवर्षी आजीचं. तिने ते सोललं, फुंकर घातली आणि मागे न बघता आईपुढे धरलं.

"घे गो. खोकल्याला बरं असतं."

तेव्हापासून दर पोपटीला आईला खोकला व्हायला लागला. शेजारणींनी अडुळशाचे काढे सुचवले. आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तिचा खोकला औषधाचा नाय."

गेल्या उन्हाळ्यात आजी गेली. यंदाची पोपटी आईनेच हट्टाने लावली. पाटही तिनेच मांडला, आणि सवयीने त्याच्या मागे जाऊन बसली. पेंढ्याचे निखारे झाले. वास तर मलासुद्धा यायला लागला होता. आई खोकली.

कुणी हललं नाही. आई पुन्हा खोकली, जरा मोठ्याने. तांब्या भरलेला होता, कुणी हात लावला नाही.

यंदा शेंगा थोड्या करपल्या.